जुन्या डेस्कटॉपचं लिक्विड कूलिंग दुरुस्त करताना

कॅबिनेटमधून गुळगुळ आवाज येतो, प्रोसेसरचं तापमान नव्वदीच्या पुढे जातं आणि मशीन कामाच्या मध्येच बंद पडतं. अशा वेळी नवखी माणसं एक तर अख्खा कूलर टाकून देतात, नाहीतर लगेच नळ्या सोडवायला बसतात. माझं सांगणं एवढंच आहे की नळीला हात लावण्याआधी अर्धा तास निदानासाठी द्या. जुन्या मशीनमध्ये दोष बऱ्याचदा पाण्यात नसतोच. तो प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधल्या वाळलेल्या पेस्टमध्ये, रेडिएटरच्या धुळीत किंवा चुकीच्या जागी खोचलेल्या केबलमध्ये असतो, आणि या तिन्ही गोष्टी एक थेंबही न सांडता दुरुस्त होतात.

पण गळती दिसत असेल, तर निदान बाजूला ठेवा. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा. पुढचं काय करायचं ते शेवटच्या भागात आहे, थेट तिथे जा.

आधी ओळख: बंद की खुली?

घरगुती मशीनमध्ये दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणजे कारखान्यातून भरून, सील करून आलेला बंद कूलर, ज्याला सगळे एआयओ म्हणतात. प्रोसेसरवर बसणारा गोल किंवा चौकोनी डबा, त्यातच पंप, दोन काळ्या नळ्या आणि पंखे लावलेला रेडिएटर. दुसरा म्हणजे सुटे भाग जोडून केलेलं खुलं लूप. त्यात पाण्याची टाकी वेगळी दिसते, पंप सुटा किंवा टाकीला जोडलेला असतो आणि नळ्यांच्या टोकांना फिरवून घट्ट करायचे जोड असतात. टाकी दिसली की खुलं लूप, हे ओळखायला पुरेसं आहे. काही बंद कूलरनाही भरण्याचं तोंड असतं. बी क्वाएटचा प्युअर लूप आणि अल्फाकूलचा आइसबेअर ही त्याची उदाहरणं. तुमचा कूलर तसा असेल, तर दुरुस्तीचा मार्ग बराच सोपा होतो.

उष्णता कुठे अडते?

प्रोसेसरमधली उष्णता आधी थर्मल पेस्टमधून तांब्याच्या तळाशी जाते, तळाच्या बारीक खाचांतून पाण्यात उतरते, पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये पोचते आणि तिथून पंख्याच्या हवेने बाहेर पडते. या वाटेवर कुठेही अडथळा आला तरी स्क्रीनवर दिसणारा परिणाम एकच, तापमान चढतं. म्हणून नुसता आकडा पाहून काही कळत नाही. तो आकडा *किती वेळात* चढतो, ते पाहायचं.

तापमान दाखवणारा एखादा प्रोग्रॅम लावा (मी एचडब्ल्यूइन्फो वापरतो), मशीन दहा मिनिटं रिकामं चालू ठेवा, मग प्रोसेसरवर पूर्ण भार टाका, म्हणजे त्याला पूर्ण क्षमतेने कामाला लावा, आणि घड्याळ लावून बसा.

भार टाकताच दोन-तीन सेकंदांत तापमान उडी मारून नव्वदीवर जातं आणि भार काढताच तितक्याच वेगाने खाली येतं? मग उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. पेस्ट वाळली आहे किंवा ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा तांब्याच्या तळाचा भाग, सैल बसला आहे.

तापमान मिनिट-दोन मिनिटांत चढत जातं, थांबायचं नाव घेत नाही आणि भार काढल्यावरही रेंगाळत उतरतं? मग पाणी फिरत नाही, किंवा अगदी मंद फिरतं. पंप बंद असेल, वेग कमी असेल किंवा खाचा गाळाने तुंबल्या असतील.

तापमान सुरुवातीला व्यवस्थित असतं आणि पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू वर सरकतं? पाणी फिरतंय, पण त्यातली उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटरमध्ये धूळ आहे किंवा पंखे थकले आहेत.

आता हाताने खात्री करा. मशीन भाराखाली असताना दोन्ही नळ्या बोटांनी चाचपा. पंख्यापासून बोटं जपा. इथे थोडं गणित कामाला येतं. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर १०० वॉट उष्णता देत असेल, तर ब्लॉकमधून जाताना पाणी जेमतेम दीड अंशाने तापतं. हा फरक बोटांना कळत नाही. म्हणजे निरोगी लूपमध्ये दोन्ही नळ्या सारख्याच कोमट लागतात. एक नळी गरम आणि दुसरी थंड लागली, तर प्रवाह खूप कमी झालाय हे नक्की. ब्लॉक चटका देतोय आणि रेडिएटर खोलीइतकाच गार आहे, याचा अर्थ पाणी थांबलं आहे. नळ्या आणि रेडिएटर दोन्ही चांगलेच तापलेत, पण रेडिएटरमधून येणारी हवा दुबळी आहे, तर दोष धुळीचा.

आवाजही ऐका. गुळगुळ किंवा खळखळ म्हणजे पंपात हवा शिरते आहे. घासल्यासारखी घरघर म्हणजे पंपाचं बेअरिंग झिजलं.

न उघडता होणारी दुरुस्ती

*केबल.* पंपाची तीन तारांची केबल मदरबोर्डवर कुठे खोचली आहे ते पाहा. ती साध्या पंख्याच्या जागी असेल, तर बोर्ड तापमान पाहून पंपाला कमी व्होल्टेज देत असतो आणि पंप रेंगाळतो. बहुतेक एआयओ पंपांना सतत पूर्ण १२ व्होल्ट हवे असतात. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन त्या हेडरचा, म्हणजे केबल खोचायच्या पिनांच्या जागेचा, वेग पूर्ण करा, किंवा बोर्डवर पंपासाठी वेगळं हेडर असेल तर केबल तिथे लावा. काही पंपांना वीज साटा केबलमधून, म्हणजे डिस्कला वीज देणाऱ्या चपट्या जोडाच्या केबलमधून, मिळते आणि तीन पिनांची केबल फक्त फेऱ्यांचा आकडा सांगते. तिथे साटाचा जोड सैल झालाय का ते बघा. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका मशीनमध्ये पंपाचा वेग तीन वर्षं चाळीस टक्क्यांवर अडकलेला होता. बायोसमधलं एक सेटिंग बदललं आणि तापमान वीस अंशांनी उतरलं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. फेऱ्यांचा आकडा नीट दिसतो म्हणजे पाणी फिरतंय असं नाही. खाचा तुंबल्या असतील तर पंप जागच्या जागी जोमाने फिरतो आणि आकडाही उत्तम येतो. शेवटचा शब्द बोटांचा.

*हवा.* बंद कूलरमधलं पाणी रबरी नळ्यांच्या भिंतीतून वर्षानुवर्षं अतिशय हळू उडून जातं आणि त्याची जागा हवा घेते. थोडी हवा असायला हरकत नाही, फक्त ती पंपात जमू नये. हवा सगळ्यात उंच जागी जाते, म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असायला हवा. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी लावलेला असेल, तर सगळी हवा पंपात येऊन बसते. तो वरच्या छताला किंवा समोर उभा लावा. समोर उभा लावताना नळ्यांची तोंडं खाली आली तर उत्तम. बऱ्याचदा एवढ्यानेच गुळगुळ थांबते.

*धूळ.* पंखे रेडिएटरवरून सोडवा. धुळीचा थर बहुतेक पंखा आणि पत्र्यांच्या मध्ये नमद्यासारखा बसलेला असतो आणि पंखा काढल्याशिवाय तो दिसतच नाही. मऊ ब्रशने तो उचला, मग हवा ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंखे जागेवर असतील तर त्यांची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या झोताने ती मर्यादेबाहेर फिरली तर बेअरिंग खराब होतं. पत्रे नाजूक असतात, ब्रश त्यांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवा.

*पेस्ट.* ब्लॉक काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, मग बंद करून प्लग काढा. गरम पेस्ट मऊ असते. एएमडीच्या एएम३, एएम४ अशा सॉकेटवर (बोर्डवरच्या प्रोसेसर बसण्याच्या जागेवर) पिना प्रोसेसरलाच असतात आणि वाळलेली पेस्ट अख्ख्या प्रोसेसरला सॉकेटमधून उपटून काढते. तिथे ब्लॉक सरळ वर ओढू नका. डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसा. पृष्ठभाग स्वच्छ झाला की मधोमध वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवा, बोटाने पसरू नका. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने, प्रत्येकी दोन-दोन फेरे देत घट्ट करा. एकच कोपरा पूर्ण कसला तर ब्लॉक तिरका बसतो.

हे सगळं झाल्यावर घड्याळाची चाचणी पुन्हा करा. माझ्या अनुभवात अर्ध्याहून जास्त मशीन इथेच बरी होतात.

बंद कूलरचा पंपच गेला असेल तर

फेरे शून्य दाखवतात, केबल बरोबर आहे, हात लावल्यावर पंपात कंप जाणवत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पंपाच्या डब्यावर हलकेच टकटक करून पाहा. अडकलेला पंप कधी कधी सुरू होतो. पण त्याला दुरुस्ती समजू नका, पंप अडकला होता एवढंच त्यातून कळतं. तो पुन्हा अडकणार आहे.

इथे मी स्पष्ट सांगतो. भरण्याचं तोंड नसलेला एआयओ उघडून, धुऊन, पुन्हा भरू नका. हे करणारे लोक आहेत, आणि ते जमतंही. पण त्याचं सील पुन्हा कारखान्यासारखं बसेल याची खात्री नसते आणि त्याच्या बरोबर खाली ग्राफिक्स कार्ड असतं. पाच-सात वर्षं वापरलेला बंद कूलर आपलं काम करून चुकलेला असतो. नवा एआयओ किंवा चांगला हवेचा कूलर लावा. फक्त विकत घेण्याआधी सॉकेट तपासा. इंटेलच्या एलजीए ११५०, ११५१, ११५५, ११५६ आणि १२०० या सॉकेटची भोकं एकाच मापाची आहेत, पण एलजीए १७०० चं माप वेगळं आहे. नव्या कूलरच्या खोक्यात तुमच्या जुन्या सॉकेटची पट्टी येते का, हे यादीत वाचून घ्या.

भरण्याचं तोंड असलेल्या कूलरमध्ये द्रव कमी झाला असेल, तर उत्पादकाने सांगितलेलाच द्रव भरा. नुसतं पाणी कधीच नको. बहुतेक एआयओमध्ये तळ तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असतो. हे दोन धातू एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजत जातं. मूळ द्रवातली गंजरोधक रसायनं ते थोपवून धरतात.

खुलं लूप: रिकामं करणं आणि धुणं

हे काम दिवसभराचं आहे, घाईच्या संध्याकाळी सुरू करू नका. प्लग काढा. शक्य असेल तर ग्राफिक्स कार्ड आणि बोर्ड झाकून घ्या, जोडांखाली टिश्यू पेपरच्या जाड घड्या ठेवा. नळ्यांची मांडणी चारही बाजूंनी फोटोत टिपा. ब्लॉकच्या कोणत्या तोंडात पाणी आत जातं आणि कोणत्यातून बाहेर येतं, तेही त्यात दिसायला हवं. बऱ्याच ब्लॉकमध्ये ही दिशा उलटली तर तापमान वाढतं.

पाणी काढण्याची तोटी असेल तर सोपं आहे. नसेल तर टाकीचं झाकण *घट्ट बंद ठेवून* सगळ्यात खालचा जोड सोडवा आणि खाली भांडं धरा. वरून हवा शिरत नाही तोवर पाणी धो धो येत नाही. भांडं नीट धरलं की मग झाकण थोडं सैल करा, पाणी तुमच्या वेगाने उतरेल. उरलेलं पाणी कॅबिनेट हळूहळू कलवून काढा.

ते पाणी ओतून टाकू नका, पारदर्शक भांड्यात घेऊन उजेडात धरा. एके काळचं स्वच्छ पाणी हिरवट-निळसर झालं असेल तर तांबं गंजतंय. बुळबुळीत आणि वास येणारं असेल तर शेवाळ. पांढरट, चिकट थर असेल तर जुन्या पीव्हीसी नळ्यांना लवचीक ठेवणारं रसायन पाण्यात उतरलंय, आणि ते ब्लॉकच्या खाचांत नक्की जाऊन बसलंय. पांढरी जेली सापडली तर लूपमध्ये कुठेतरी ॲल्युमिनियमचा भाग आहे. तो शोधून काढल्याशिवाय पुन्हा भरू नका. चकचकीत कण दिसले तर ब्लॉकचा निकेलचा मुलामा सुटतोय.

ब्लॉक उघडा. बहुतेक प्रवाहाच्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं. खाचांमधली फट अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते, तिथे पाण्यातला प्रत्येक कण अडकतो. आतली पातळ पट्टी आणि रबरी कडं कसं बसलंय त्याचा फोटो काढून मगच उचला. मऊ टूथब्रशने, खाचांच्या दिशेने, डिस्टिल्ड वॉटरखाली घासा. उघड्या तांब्यावरचा काळपट थर पाणी मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटांत सुटतो. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकला मात्र आम्ल लावू नका. आणि वरचं पारदर्शक झाकण ॲक्रिलिकचं असेल तर त्याच्याजवळ अल्कोहोलही आणू नका, त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढे तिथूनच गळती सुरू होते. पेस्ट पुसण्याच्या ओघात ही चूक सहज होते.

रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, हाताळून पाहा. गोल राहिली नसेल, चपटी किंवा कडक झाली असेल, तर बदला. इतकी लहान वस्तू वाचवण्यात शहाणपण नाही. नव्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा.

रेडिएटर कोमट डिस्टिल्ड वॉटरने अर्धा भरा, तोंडं बंद करून हलवा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. पिवळ्या, कडक नळ्या बदला. नवी नळी घेताना आतलं आणि बाहेरचं, दोन्ही मापं जोडावरच्या मापाशी जुळायला हवीत. १०/१३ आणि १०/१६ मिलिमीटर वरून सारख्याच वाटतात, पण एकीचा जोड दुसरीला बसत नाही. टोक काटकोनात कापा. जोडांचे आटे बहुधा जी १/४ मापाचे असतात. ते हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. पाणी अडवायचं काम ओ-रिंग करते, आटे करत नाहीत.

पंप डी५ जातीचा असेल तर वरची चकती फिरवून आतली पाती उचलता येतात. ती एका सिरॅमिकच्या गोळीवर फिरतात आणि चुंबकानेच ओढली जातात. त्या खोलग्यात बसलेला गाळ पुसून काढा.

भरणं

डिस्टिल्ड वॉटर, गंजरोधक आणि शेवाळरोधक हे मिश्रण, किंवा कंपनीचा तयार पारदर्शक द्रव. नवख्याने तयार द्रवच घ्यावा असं मला वाटतं. नळाचं पाणी नको, गाळून पिण्यायोग्य केलेलं पाणीही नको, दोन्हींत क्षार असतात. रंगीत, दुधाळ द्रव दिसायला सुंदर असतात पण त्यांतले कण खाचांत बसतात. जुन्या मशीनमध्ये ते टाळा.

पंप कोरडा कधीही चालवू नका. त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. आणि भरताना बोर्डला वीज द्यायची नाही. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा, मागचा स्विच बंद ठेवून बोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, डिस्क या सगळ्यांच्या केबल काढा, फक्त पंप जोडलेला ठेवा. २४ पिनांच्या जोडात एसएमपीएस सुरू करणारा छोटा प्लग लावा. तो नसेल तर त्या जोडातली हिरवी तार आणि शेजारची कोणतीही काळी तार एका वायरच्या तुकड्याने जोडतात. सगळ्या तारा काळ्या असतील तर अंदाजाने जोडू नका, प्लगच आणा. एसएमपीएसचा डबा मात्र कोणत्याही कारणाने उघडायचा नाही.

टाकी भरा, स्विच दोन-तीन सेकंद चालू करा, पाणी आत ओढलं जाईल, लगेच बंद करा. पुन्हा भरा, पुन्हा क्षणभर चालवा. टाकीतली पातळी पंपाच्या तोंडाखाली एकदाही जाऊ देऊ नका. पाणी फिरू लागलं की पंप चालू ठेवून कॅबिनेट पुढे, मागे, बाजूला कलवा. रेडिएटरमध्ये अडकलेले बुडबुडे टाकीत येऊन फुटतात. सगळे एका दिवसात जात नाहीत, पुढचा आठवडाभर पातळी थोडी उतरते.

आता प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू ठेवून फक्त पंप २४ तास चालू द्या. हा वेळ वाचवण्याचा मोह होतो, कारण सगळं व्यवस्थितच दिसत असतं. पण ओ-रिंग किंचित दबलेली असेल तर पहिला थेंब पाच-सहा तासांनी येतो. टिश्यूवर एक ओला ठिपका दिसला तरी तो जोड सोडवून पुन्हा बसवा आणि २४ तास पहिल्यापासून मोजा.

गळती झाली असेल तर

प्लग काढल्यावर पॉवरचं बटण दोन-तीनदा दाबा, उरलेली वीज निघून जाईल. बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काढा. कॅबिनेट अशा बाजूला कलवा की पाणी बोर्डापासून दूर वाहील, मग टिश्यूने टिपून घ्या, पुसू नका. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, पण बोर्डवरची धूळ आणि धातू त्यात मिसळले की वाहते. म्हणून द्रव वाळला की काम संपलं असं होत नाही, त्याचे डाग काढावे लागतात. भिजलेला भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने स्वच्छ करा. ग्राफिक्स कार्डचा आणि मेमरीचा खोबणीतला भाग विसरू नका. पंख्याच्या वाऱ्यात दोन पूर्ण दिवस वाळू द्या. हेअर ड्रायरची गरम हवा नको. एसएमपीएसमध्ये द्रव गेला असेल तर तो बदला.

जुनी मशीन जमवणाऱ्यांसाठी एक खास सूचना. ॲपलने २००४ साली पॉवर मॅक जी५ च्या २.५ गिगाहर्ट्झच्या मॉडेलला द्रवाचं कूलिंग दिलं. वयानुसार त्यांतली बरीच गळतात आणि द्रव खाली असलेल्या वीजपुरवठ्यात उतरतो. असं मशीन हाती आलं तर आधी सुरू करू नका. उघडा, प्रोसेसरखाली आणि तळाशी हिरवट डाग किंवा गंज आहे का बघा, मगच प्लग लावा.

सगळं जोडून मशीन सुरू झालं की घड्याळाची चाचणी शेवटची एकदा करा. खोलीचं तापमान, रिकाम्या मशीनचं तापमान, भाराखाली वीस मिनिटांनंतरचं तापमान, पंपाचे फेरे, द्रवाचं नाव आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा. खुल्या लूपचा द्रव वर्षाने बदलायचा तेव्हा हेच आकडे समोर ठेवून पुन्हा मोजा.